शुक्राच्या चांदणीवर आपल्या तिघीजणी



२०२३ च्या ऑगस्टमध्ये आपलं चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं, ते तुमच्यातल्या बहुतेकींनी मोबाइलवर पाहिलं असेल. यान उतरलं त्या जागेला तीनच दिवसांनी ‘शिवशक्ती’ असं नाव दिलं गेलं. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करता करता हाच विषय निघाला. आमच्या गटातल्या एक आजी म्हणाल्या, “चंद्रावर बी जागंला नाव लागतंय व्हय? मग उतारा कुणाच्या नावावर हाय म्हणायचा?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. वरच्या जागांना नावं देतं कोण आणि देतं कुणाची? म्हणून मी वाचत गेले, आणि वाचता वाचता थेट आपल्या कोल्हापुरातल्या सीपीआर दवाखान्यात येऊन पोचले. ती वाट आज तुम्हाला सांगते.

आकाशातून मोठा दगड वेगानं येऊन आदळला की जमिनीला गोल खड्डा पडतो. पुस्तकात त्याला विवर म्हणतात, आपण खड्डाच म्हणू. आपल्या महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे, तो असाच पडलेला खड्डा. दोन किलोमीटरपेक्षा थोडा कमी रुंद. दगड आदळला हे शास्त्रज्ञांनी अलीकडं सिद्ध केलं, पण खड्ड्याची गोष्ट लोकांनी फार आधीच सांगून ठेवली होती. इथं लवणासुर नावाचा दैत्य राहत होता आणि विष्णूनं त्याला मारलं, ही ती गोष्ट. तिथलं दैत्यसूदनाचं देऊळ आजही उभं आहे. मोठं काही दिसलं आणि कारण माहीत नसलं की माणूस देवाची नाही तर दैत्याची गोष्ट जोडतो. हे आपल्याकडंच नाही, जगभर असंच आहे.

पृथ्वीवर हवा-पाण्यानं असे खड्डे बुजतात. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, त्यामुळं तिथले खड्डे राहून गेले. दुर्बिणीतून ते दिसायला लागल्यावर त्यांना नावं द्यायची वेळ आली. पुढं १९१९ मध्ये खगोलशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि अशी नावं पक्की करण्याचं काम तिच्याकडं आलं. ‘शिवशक्ती’ या नावालाही तिनं मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. आपल्या चंद्रावरच्या मोठ्या खड्ड्यांना बहुतेक करून विद्वानांची नावं आहेत. आर्यभट आहेत, भाभा आहेत, साराभाई आहेत. बायकांची नावं शोधावी लागतात.

चंद्र काही एकच नाही. गुरू आणि शनी या ग्रहांना डझनानं चंद्र आहेत. यानं तिथं पोचली, फोटो आले, आणि एकदम शेकडो खड्ड्यांना नावं हवी झाली. तेव्हा एका चंद्राला एक गोष्ट वाटून द्यायची, असं ठरलं. गुरूच्या आयो नावाच्या चंद्रावर ज्वालामुखी आहेत, म्हणून तिथं जगभरच्या अग्नी आणि सूर्यदेवतांची नावं. आपला ‘सूर्य’ही तिथं आहे. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर अरबी सुरस गोष्टींतली नावं आहेत. अलिबाबा, अल्लाउद्दीन आणि सिंदबाद तर आहेतच, पण रोज रात्री गोष्ट सांगून स्वतःचा जीव वाचवणारी शहराजाद आणि तिची बहीणही तिथं आहे.

शनीच्या टेथिस नावाच्या चंद्रावर ग्रीक लोकांच्या एका जुन्या महाकाव्यातली नावं आहेत. तिथला सगळ्यात मोठा खड्डा ओडिसियसचा. हा राजा युद्धाला गेला आणि वीस वर्षं घरी आला नाही. त्याची बायको पेनेलोपी. राजा मेला असं समजून तिच्याशी लग्न करायला माणसं दारात येऊन बसली. ती म्हणाली, हे कापड विणून होऊ दे, मग सांगते. दिवसा विणायची आणि रात्री उसवायची. अशी वर्षं काढली तिनं. तिच्याही नावाचा मोठा खड्डा त्याच चंद्रावर आहे. म्हणजे गोष्टींतल्या बायकांना जागा मिळाली. पण खऱ्या बायकांचं काय?

त्याचं उत्तर शुक्रावर आहे. आपण जिला पहाटेची चांदणी, शुक्राची चांदणी म्हणतो तो शुक्र ग्रह. आपल्या पुराणात शुक्र म्हणजे शुक्राचार्य, दैत्यांचे गुरू, पुरुष. रोमन लोकांनी मात्र या ग्रहाला व्हीनस या देवीचं नाव दिलं. म्हणून असा नियम केला गेला की या ग्रहावर नावं द्यायची ती बायकांचीच. शुक्रावर कायम दाट ढग असतात. त्यामुळं वरून जमीन दिसत नाही आणि तापमान साडेचारशे अंशांच्या वर. १९९० पासून मॅगेलन नावाच्या यानानं रडारनं ढगांच्या आतलं पाहिलं आणि जवळजवळ सगळ्या ग्रहाचा नकाशा केला. तिथल्या एका मोठ्या पठाराचं नाव आहे लक्ष्मी. एका डोंगराचं नाव उषस्, म्हणजे वेदांतली पहाटेची देवी. गंमत म्हणजे लक्ष्मीच्या पठाराला लागून शुक्रावरचे सगळ्यात उंच डोंगर आहेत आणि ते मॅक्सवेल या पुरुष शास्त्रज्ञाच्या नावानं आहेत. ते नाव नियम होण्याआधी पडलं होतं, म्हणून राहिलं.

पठारं, डोंगर देवींना. खड्डे मात्र खऱ्या बायकांना. वीस किलोमीटरहून मोठा खड्डा असेल तर त्याला काही मोठं काम करून गेलेल्या बाईचं आडनाव. या खड्ड्यांत तीन आडनावं मला आपल्या ओळखीची सापडली. जोशी, मेधावी आणि झिराड.

जोशी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. खड्डा सुमारे ३४ किलोमीटर रुंद. कोल्हापुरातून निघून इचलकरंजीच्याही थोडं पुढं जावं, एवढा. आनंदीबाईंची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १८६५ चा जन्म, कल्याणचं घर. नवव्या वर्षी लग्न झालं ते पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी, आणि ते वीस वर्षांनी मोठे. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही, हे त्या पोरीच्या मनात बसलं.

पण या गोष्टीत कोल्हापूर दोनदा येतं, हे मला माहीत नव्हतं. गोपाळरावांची बदली इथं झाली होती आणि दोघं इथं राहिले होते. कोल्हापुरातूनच त्यांनी मिशनऱ्यांमार्फत अमेरिकेला पत्र पाठवलं, बायकोला शिकवायचं आहे म्हणून. ते पत्र वाइल्डर यांच्याकडं गेलं. १८५२ मध्ये कोल्हापुरात मिशन सुरू करणारे तेच वाइल्डर, तेव्हा ते अमेरिकेला परतले होते. त्यांनी ते आपल्या मासिकात छापलं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाईंनी ते वाचलं आणि ओळख ना पाळख, या मुलीला पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. १८८३ मध्ये अठरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसली आणि त्या मावशीच्या दारात उतरली.

११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. आणि कोल्हापूर संस्थानानं त्यांना नेमणूक देऊ केली, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, बायकांच्या विभागाच्या प्रमुख म्हणून. हे हॉस्पिटल म्हणजेच आजचं आपलं सीपीआर. आपण बाळंतपणाला जातो, केसपेपर काढायला रांगेत उभ्या राहतो, ते. तिथं आनंदीबाई येणार होत्या. पण अमेरिकेतच त्यांना क्षयानं गाठलं होतं. परत आल्या त्या अंथरुणाला खिळूनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची जागा रिकामी राहिली. पुढं त्याच हॉस्पिटलात डॉक्टर कृष्णाबाई केळवकर यांनी बायकांवर उपचार केले, पण ती वेगळी गोष्ट, पुन्हा कधीतरी सांगेन.

दुसरं नाव मेधावी. हे ऐकून कुणालाच काही आठवत नाही, मलाही आठवलं नव्हतं. या म्हणजे पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. रमाबाईही आईकडून शिकल्या. दुष्काळात आई-वडील गेले, तशा त्या भावाबरोबर अनवाणी देशभर फिरल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या दुसऱ्या जातीतल्या बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोन वर्षंही झाली नाहीत तोच ते पटकीनं गेले. पदरात लहान मुलगी. तरी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्याबद्दल टीका सोसली, विधवा मुलींसाठी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, आणि पुढं केडगावला मुक्ती सदनात दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला.

आणि आता ऐका. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्या दिवशी, त्या सभागृहात रमाबाई हजर होत्या. नात्यातल्याच होत्या त्या. या समारंभासाठी इंग्लंडहून समुद्र ओलांडून आल्या होत्या. आज शुक्रावर नाव असलेल्या आपल्या दोन बाया त्या दिवशी एका छपराखाली होत्या. एकीचं यश बघायला दुसरी किती लांबून आली, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

तिसऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यू समाजातल्या. मुंबईत आणि मग लंडनला शिकल्या, बाळंतपणाच्या शास्त्रातली एम.डी. मिळवली, आणि १९२८ पासून जवळजवळ वीस वर्षं मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. सरकारनं १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. आनंदीबाईंना जे करायला मिळालं नाही, ते झिराडबाईंनी आयुष्यभर केलं.

आता या तीन नावांकडं पुन्हा बघा. झिराड हे जेरुशाबाईंचं स्वतःचं, माहेरचं आडनाव. जोशी हे आनंदीबाईंच्या नवऱ्याचं. त्यांचं जन्माचं पाळण्यातलं नाव तर यमुना. लग्नात बदललं. आपलंही असंच, तांदळाच्या ताटात अंगठीनं नवऱ्यानं जे लिहिलं ते नाव. आणि मेधावी हे रमाबाईंच्या नवऱ्याचं, दोन वर्षांच्या संसाराचं. ज्यांना आख्खा महाराष्ट्र ‘पंडिता रमाबाई’ म्हणतो, त्या तिथं या नावानं आहेत. बायकांचाच म्हणून ठरवलेला ग्रह, पण तिथंही खड्ड्याचा उतारा नवऱ्याच्या आडनावानंच निघाला. कुणी मुद्दाम वाईट केलं असं नाही. नियम आडनावाचा होता आणि बाईचं आडनाव कुठलं, हे कुणी विचारलं नाही.

शुक्रावर वीस किलोमीटरहून लहान खड्डेही आहेत, आणि त्यांचा नियम वेगळा आहे. त्यांना जगातल्या कुठल्याही भाषेतलं, साध्या बाईचं नुसतं पहिलं नाव. आडनाव नाही. तिथं एक इंदिरा आहे, एक राधिका आहे, एक चक्क रामप्यारी आहे. कुठली रामप्यारी? कुठलीच नाही. म्हणजे त्या नावाची कुठलीही. मला तर हेच खड्डे जास्त आवडले.

मी गटांचं काम करते तेव्हा नवीन सभासदाला नाव विचारते. निम्म्या जणी आधी नवऱ्याचं नाव सांगतात, मग स्वतःचं. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, आणि मग कर्जाचं प्रकरण महिनाभर अडकून पडतं. घराच्या आठ-अच्या उताऱ्यावर नाव नाही, सात-बारावर नाही. माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही हवी असली की मात्र आपलं माहेरचं नाव सगळ्यांना बरोबर आठवतं.

थोडं बदलतंय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं, असा निर्णय महाराष्ट्र सरकारनं केला. आईचं नाव कागदावर आलं. पण कागदावर येण्यासाठी कुणीतरी ते सांगावं लागतं.

म्हणून एक काम सांगते. येत्या बैठकीला वहीचं एक पान रिकामं ठेवा. प्रत्येकीनं त्यावर आपलं जन्माचं नाव लिहायचं, मग आईचं, मग आजीचं, आठवत असेल तर पणजीचंही. जिला लिहिता येत नाही तिच्यासाठी शेजारणीनं लिहायचं. आणि घरी जाऊन आधार, पासबुक आणि घराचा उतारा हे तीन कागद शेजारी ठेवून बघायचं, तिन्हींवर आपण आहोत का आणि एकाच नावानं आहोत का. जिचं जुळत नसेल तिनं पुढच्या बैठकीत सांगायचं, अर्ज आपण मिळून करू.

त्या आजींना मी पुढच्या महिन्यात हे सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या आईचं नाव तुळसा. लिव्ह पहिलं.” आमच्या वहीतलं पहिलं नाव तेच आहे.

पहाटे शुक्राची चांदणी दिसेल तेव्हा वर बघा.