काव्यरत्नावलीचे गाव

जळगावचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला केळी आठवतात, कापूस आठवतो, सोन्याचा बाजार आठवतो. मराठी कवितेचा मागोवा घेणाऱ्याला मात्र एक मासिक आठवावे लागते. नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ साली या गावातून 'काव्यरत्नावली' सुरू केले आणि जवळजवळ अर्धशतक चालविले. त्यात कवितेवाचून दुसरे काही नसे. वर्तमानपत्रे वादांनी धगधगत असताना, पुण्यामुंबईपासून दूर, कोणी निव्वळ कवितेचे मासिक काढावे हे त्या काळी वेडेपणाचेच लक्षण वाटले असेल.

या वेडाभोवती जे मंडळ जमले त्याला घटना नव्हती, अध्यक्ष नव्हता, बैठकही नव्हती. ते टपालाने चाले. कवी गावोगावी विखुरलेले, कविता पाकिटातून जळगावी येई आणि छापील अंकातून एकमेकांची ओळख होई. धुळ्यात १८७२ साली जन्मलेले विनायक जनार्दन करंदीकर 'एक मित्र' या नावाने लिहीत. केशवसुत पुढे फैजपूरला शाळेचे मुख्याध्यापक होऊन आले, म्हणजे आपले शेजारीच झाले. इंग्रजी सॉनेट त्यांनी १८९२ मध्ये मराठीत आणले. राजा आणि देव यांची स्तुती सोडून स्वतःच्या मनातली खळबळ हाच कवितेचा विषय केला. १९०५ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर एकही पुस्तक नव्हते. संग्रह निघाला तो त्यानंतर दहाबारा वर्षांनी, हरिभाऊ आपट्यांच्या खटपटीने. तोवर हा कवी जगला तो मासिकांच्या पानांवर. फडणिसांसारखी माणसे नसती तर त्यांचे काय झाले असते, याचा विचार ज्याने त्याने करावा!

१९०७ साली हे टपाली मंडळ प्रथमच समोरासमोर आले. महाराष्ट्र कविसंमेलन जळगावात भरले. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. ते व्यवसायाने वैद्य, वनस्पतिशास्त्राचे मोठे पंडित, आणि कवितेचे रसिक. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे, वय सतराच्या आसपास, तेथे उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हटली. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटले. तेच नाव पुढे टिकले.

त्या सभेतली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले होते आणि जुन्या समाजाने त्यांच्याशी व्यवहार तोडला होता. या संमेलनात ते कवी म्हणून आले, कवी म्हणून बसले. येथेच ठोमऱ्यांशी त्यांची ओळख झाली. पुढे हा ब्राह्मणाचा मुलगा नगरला टिळकांच्या घरी घरच्यासारखा राहिला, आणि लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्याला मायेने आठवले. त्या काळच्या सोवळ्याओवळ्याची कल्पना असलेल्यांना यातले धाडस वेगळे सांगायला नको. बालकवी १९१८ साली जळगावजवळ भादली स्थानकापाशी आगगाडीखाली गेले. वय अवघे सत्तावीस.

असो. या मंडळाचे कौतुक करताना एक बोच मनात राहते. त्याच्या दारात धर्म आड आला नाही, पण आत यायला लेखणी लागे. ज्या वर्षांत काव्यरत्नावलीचे अंक येथे निघत होते, त्याच वर्षांत याच जळगावात असोद्याची एक लेक, चौधऱ्यांची सून, जात्यावर आणि शेतात आपल्या बोलीत गाणी रचत होती. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. नव्या कवितेच्या या माहेरघराला ती गाणी ऐकू गेली नाहीत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने ती आचार्य अत्र्यांना दाखविली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. बहिणाबाई त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबरात गेल्या होत्या.