सामन्याआधीचा निकाल

मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि कलकत्त्याहून निघालेला लोहमार्ग यांची गाठ पडली ती १८७० साली, जबलपुरास. नर्मदेच्या काठचे हे छावणीचे शहर अशा रीतीने दोन बंदरांच्या मधला सांधा बनले. पुढे याच दोन बंदरांत फुटबॉलचा खेळ रुजला. कलकत्त्यास १८९३ मध्ये आय. एफ. ए. ढालीची स्पर्धा सुरू झाली. मुंबईस त्याही आधी, १८९१ मध्ये, रोव्हर्स चषकाची. दोन्हीकडे आरंभी दबदबा होता तो गोऱ्या पलटणींचा, आणि पलटणी राहत असत छावण्यांत. म्हणून जबलपूरसारख्या ठिकाणी बसून एखाद्या जाणकाराने उद्याच्या सामन्याचे भाकीत करावयाचे म्हटले असते, तर त्याला फारसा विचार करावा लागला नसता. मागील वर्षांचे निकाल पाहावयाचे, आणि पलटणीच्या बाजूने कौल द्यावयाचा!

हे भाकीत मूर्खपणाचे नव्हते. उद्याचे अनुमान कालच्या नोंदीवरून करणे, हाच भाकिताचा शिरस्ता आहे आणि आजही तो बदललेला नाही. ज्योतिषी ग्रह मांडतो, जाणकार निकाल मांडतो. परंतु त्या नोंदवहीत कोणाचे नाव लिहिले जात होते आणि कोणाचे लिहिलेच जात नव्हते, हा प्रश्न मात्र भाकीत करणारा सहसा विचारीत नाही.

२९ जुलै १९११ रोजी हा प्रश्न मैदानावरच उभा राहिला. ढालीच्या अंतिम सामन्यात एका बाजूस ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट आणि दुसऱ्या बाजूस मोहन बागान. मोहन बागानच्या अकरा जणांपैकी दहा अनवाणी. तोवर एकाही भारतीय संघाने ही ढाल जिंकलेली नव्हती. पलटणीने पहिला गोल केला, तेव्हा नोंदवहीचे म्हणणे खरे ठरणार असेच वाटले असणार. मग कर्णधार शिवदास भादुरी याने बरोबरी साधली आणि खेळ संपता संपता अभिलाष घोष याने दुसरा गोल केला. सामना २-१ असा सुटला.

या विजयाचे गोडवे पुष्कळ गायिले गेले आहेत. त्यात येथे भर घालण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ज्या संघाने ढाल जिंकली तो त्या वेळी कलकत्त्याच्या लीगमध्ये खेळतच नव्हता. ही लीग १८९८ पासून चालू होती. तिच्या दुसऱ्या श्रेणीत मोहन बागानला प्रवेश मिळाला तो १९१४ मध्ये, आणि पहिल्या श्रेणीत १९१५ मध्ये. त्यानंतरही पहिल्या श्रेणीत दोनहून अधिक भारतीय संघ असू नयेत असा नियम होता. १९२५ मध्ये ईस्ट बंगालला वरच्या श्रेणीत जागा मिळाली, तेव्हा कोठे तो मोडला. गुणवत्ता असो वा नसो, तिसऱ्याला दारच बंद! अशा लीगचा तक्ता समोर ठेवून भारतीय संघांच्या ताकदीचे अनुमान करणे म्हणजे ज्याला परीक्षेस बसू दिले नाही त्याला नापास समजणे होय.

लीग आणि बाद पद्धतीची स्पर्धा यांतील भेदही येथे ध्यानी घ्यावा लागतो. बाद पद्धतीत एका दुपारचा चिखल किंवा एका पंचाची शिट्टी सारे उलथवू शकते. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, बहुधा दोन वेळा. त्यामुळे दैवाचा वाटा हळूहळू झडून जातो व बळ उघडे पडते. म्हणूनच १९११ चा विजय ‘योगायोग’ म्हणून झटकून टाकणे ज्यांना शक्य होते, त्यांना पुढची गोष्ट झटकता आली नाही. मोहमेडन स्पोर्टिंग १९३४ मध्ये पहिल्या श्रेणीत आले, आले त्याच वर्षी लीग जिंकून बसले, आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्यांनी ती सोडली नाही.

मुंबईत हाच क्रम थोडा मागाहून घडला. १९२३ मध्ये मोहन बागान रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तेथे डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना ४-१ असे हरविले. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो चषक नेला व १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने. पलटणींचा काळ संपत आला होता.

भाकिताचे गणित मात्र पलटणींनाच ऋणी आहे, ही एक गमतीची गोष्ट. क्वचित घडणाऱ्या घटनांचे प्रमाण मोजण्याचे सूत्र पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये मांडले. १८९८ मध्ये बोर्टकीविच याने ते प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथांनी मेलेल्या शिपायांच्या संख्येला लावून दाखविले. गोलही लाथेनेच होतो आणि क्वचितच होतो! पुढे हेच सूत्र फुटबॉलला लावले गेले, आणि १९८२ मध्ये माहेर या संख्याशास्त्रज्ञाने प्रत्येक संघाचे आक्रमण व बचाव वेगवेगळे मोजून त्याला पक्के रूप दिले.

ते सूत्र काय सांगते? समजा, एका संघाचे सामन्यागणिक सरासरी दीड गोल होतात आणि प्रतिस्पर्ध्याचा एक. म्हणजे पहिला दीडपट बलवान. तरी असे शंभर सामने झाले तर तो सुमारे ४९ जिंकेल, २६ बरोबरीत सुटतील आणि २५ तो हरेल. दीडपट बळ असूनही निम्मे विजय पदरात पडत नाहीत. क्रिकेटमध्ये धावा शेकड्यांनी होतात, म्हणून बळाला उमटावयास अवसर मिळतो. फुटबॉलमध्ये गोल एक-दोनच. प्रामाणिक भाकीत ‘अमुक जिंकेल’ असे म्हणतच नाही, ते शंभरातले हिस्से सांगते. श्रोत्याला ते रुचत नाही, हा भाग वेगळा.

न रुचण्याची परिसीमा झाली ती इंग्लंडात, १९६३ च्या हिवाळ्यात. बर्फामुळे आठवडेच्या आठवडे सामने होईनात, आणि निकालांवर पैज लावणाऱ्यांचा ‘पूल्स’चा धंदा अडला. तेव्हा २६ जानेवारी रोजी चार माजी खेळाडू आणि एक पंच यांची समिती लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली बसली आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल तिने जाहीर करून टाकले. पैजेपुरते तेच निकाल खरे!

स्वतंत्र भारतात देशव्यापी लीग आली ती उशिरा: १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग, २००७ मध्ये आय-लीग, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये तो संघच मोडण्यात आला. रोव्हर्स चषकही त्याआधीच, या शतकाच्या आरंभी, बंद पडला होता. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटीने सुपर लीग जिंकली, ती नव्या वहीच्या कोऱ्या पानावर. आता प्रत्येक सामन्याआधी कोणत्या संघाला शंभरात किती हिस्से, याचे आकडे तयार असतात. जबलपूरचा संघ मात्र या तिन्ही लीगांत कधी उतरला नाही, त्यामुळे त्या शहराच्या नावापुढे आजवर एकही हिस्सा मांडला गेलेला नाही.