चेंडू पडायला कधी लागतो? पाटण्याचा मठ आणि फेकलेल्या वस्तूचा इतिहास

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. हातातून सुटलेला चेंडू पडायला नेमका कधी लागतो?

बेसबॉलचंच उदाहरण घ्या. आपल्याकडे शालेय स्पर्धांमुळे हा खेळ आता मुलांना माहीत आहे. क्रिकेटमध्ये चेंडू सहसा टप्पा घेऊन येतो. बेसबॉलमध्ये टप्पा नाही, जे काही व्हायचं ते हवेतच. फेकणारा आणि फटका मारणारा यांच्यात साठ फूट सहा इंचांचं, म्हणजे सुमारे १८.४ मीटरचं अंतर असतं. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू ते अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो. तेवढ्या वेळात, चेंडूची फिरकी बाजूला ठेवली तर, तो जवळजवळ एक मीटर खाली येतो. वेग कमी झाला म्हणून नव्हे. बोटं सुटली त्या क्षणापासून तो पडतच असतो.

हे सहज पटत नाही. आपल्याला वाटतं, आधी जोर संपतो, मग वस्तू पडते. माणसाला हजारो वर्षं असंच वाटत आलं आहे.

खानदेशात फेकण्याचं ज्ञान जुनं आहे. दादर दाण्यात आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, ही पाखरं राखण्याची जुनी रीत. गोफणीच्या दोन दोऱ्यांपैकी एक बोटात अडकवलेली, दुसरी सोडायची. दोरीमुळे हाताची लांबी वाढते आणि त्या प्रमाणात गुंड्याचा वेगही वाढतो. दोरी सुटली की गोफणगुंडा गोल फिरत राहत नाही. सुटण्याच्या क्षणी तो ज्या दिशेला निघाला होता, त्याच दिशेला, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शरेषेवरून जातो. बेसबॉल फेकणारा खांदा, कोपर, मनगट आणि बोटं एकामागून एक सोडतो. तेही एक प्रकारे गोफणच फिरवणं आहे. राखणदाराला स्पर्शरेषा हा शब्द माहीत नसेल, पण दोरी कधी सोडायची हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक असतं.

आता शास्त्राकडे येऊ. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत सुटलेल्या बाणाचा विचार आहे. त्याचा मथितार्थ असा: बाणाची पहिली हालचाल धक्क्याने होते, त्या हालचालीतून वेग नावाचा संस्कार उत्पन्न होतो, तो बाणाला पुढे नेतो, आणि संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे बाण पडतो. आपण आज वापरतो तो 'गुरुत्व' शब्द तिथे आहे. पण क्रम बघा. आधी वेग, मग पतन.

हा फक्त आपल्याकडचा समज नव्हता. इटलीत तार्तालियाने १५३७ साली तोफेच्या गोळ्याचा मार्ग तीन तुकड्यांत सांगितला: आधी सरळ, मग वाकडा, शेवटी सरळ खाली.

या दोघांच्या मधल्या काळात येतात भास्कराचार्य. त्यांचा जन्म शके १०३६चा, म्हणजे इ.स. १११४. छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्यांचं विज्जडविड गाव नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख मात्र पक्का पुरावा आहे. शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७चा हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली विद्वानांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला देणगी दिली. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा वाटा, दर घाण्यामागे थोडं तेल, असे मठाचे हक्क त्यात नोंदले आहेत. म्हणजे आपल्या तेल्यांच्या घाण्यावर गणित शिकवलं जात होतं!

त्या मठात जो ग्रंथ शिकवायचा होता, त्याच्या गोलाध्यायात म्हटलं आहे की पृथ्वीत आकर्षणाची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पृथ्वी स्वतः मात्र कुठे पडणार? तिच्या सगळ्या बाजूंना आकाश सारखंच आहे. पृथ्वी खाली खाली जाते आहे असं मानणाऱ्यांना दिलेलं हे उत्तर होतं, आणि ते फार स्वच्छ उत्तर आहे.

'न्यूटनच्या आधी आपणच' असं आपण म्हणतो ते या श्लोकावरून. तेव्हा जरा थांबून बघू या. ओढ आहे, हे भास्कराचार्य सांगतात. ती किती, अंतराने कशी बदलते, फेकलेल्या वस्तूचा मार्ग त्यामुळे कसा होतो, हे ते सांगत नाहीत. त्यांचा प्रश्नच वेगळा होता. याच ग्रंथात ग्रहाच्या तात्कालिक गतीचा, म्हणजे अगदी त्या क्षणाच्या गतीचा विचार आहे. गोफणगुंड्यालाही नेमकी तीच कल्पना लागते. पण ग्रह प्रवह वायूने फिरतात अशी त्या काळची मांडणी होती, त्यामुळे पडणारा दगड आणि फिरणारा ग्रह यांचं गणित एकत्र आलं नाही.

गॅलिलिओने उतरणीवरून गोळी सोडली आणि भांड्यातून वाहून गेलेलं पाणी तोलून वेळ मोजली. १६३८च्या ग्रंथात त्याने दाखवलं की पुढे जाणं आणि खाली पडणं दोन्ही एकाच वेळी चालतात, म्हणून मार्ग परवलयाचा होतो. पाण्याने वेळ मोजणं आपल्याकडे नवं नव्हतं. घटीयंत्राचं वर्णन भास्कराचार्यांच्या यंत्राध्यायातही आहे. पण त्या घटिकेने आपण ग्रहांचे आणि मुहूर्तांचे हिशेब केले, घसरत्या गोळीचे नाही. मग १६८७ साली न्यूटनने दगड आणि चंद्र एकाच नियमात बसवले. पुरेशा वेगाने फेकलेला दगड पडता पडता पृथ्वीभोवती फिरत राहील, हा त्याचा विचार.

राहिली हवा. तिरक्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळतो, याचा उल्लेख न्यूटनने १६७२ साली केला होता. गुस्ताव मॅग्नस याने १८५२ साली फिरत्या वस्तूवर हवेचा आडवा दाब कसा येतो ते प्रयोगाने दाखवलं. तरी बेसबॉल खरंच वळतो की तो डोळ्यांचा भास, हा वाद विसाव्या शतकातही चालू होता. १९५९ साली लायमन ब्रिग्ज या शास्त्रज्ञाने वायुबोगद्यात मोजमाप करून तो मिटवला. खेळाडूंच्या हाताला ठाऊक असलेली गोष्ट अशी उशिरा आकड्यांत आली.

मग आपण अभिमान कशाचा बाळगायचा? इतिहासाचार्य राजवाडे आयुष्याच्या अखेरीस धुळ्यात होते, १९२६ साली तिथेच वारले. अस्सल कागद दाखवा, मग बोला, ही त्यांची शिस्त. ती शिस्त लावली तर 'गुरुत्वाकर्षणाचा शोध पाटण्याला लागला' हे वाक्य टिकत नाही. पण १२०७ साली इथल्या बाजाराच्या उत्पन्नातून गणिताचा मठ चालावा अशी सोय झाली, हे दगडावर कोरलेलं आहे. माझ्या मते ते जास्त मोलाचं आहे, कारण त्यापासून काही शिकता येतं. ग्रंथ होता, शिकवण्याची सोय होती, क्षणाची गती होती, पाण्याची घटिका होती, आणि शिवारात गोफणही होती. मठातला गणिती आणि माळ्यावरचा राखणदार यांनी मिळून एक दगड मोजला, असा मात्र पुरावा नाही.

आपल्या शाळांमध्ये हे आजही करता येईल. मैदानावर मुलगा चेंडू फेकतो, वर्गात परवलयाचं सूत्र पाठ करतो. दोन्हींच्या मध्ये एक मोजपट्टी आणि मोबाईलचा कॅमेरा आणा. चेंडू कधी पडायला लागला, हे मुलं स्वतःच सांगतील.