डिस्काउंट सुपरमार्केट : स्वस्ताई आणि गल्ला

मोजक्या वस्तू, साधी मांडणी, थोडे नोकर आणि वर्षभर बाजारभावापेक्षा खाली ठेवलेली किंमत यांवर चालणारे स्वयंसेवा पद्धतीचे किराणा दुकान. सणासुदीला किंवा सेलच्या दिवसांपुरती सूट देणारी दुकाने या वर्गात येत नाहीत. जर्मनीतील आल्डी आणि लिडल ही या प्रकाराची मूळ उदाहरणे. भारतात त्याच्या सर्वांत जवळ जाणारे दुकान म्हणजे डी-मार्ट. ही दुकाने स्वस्त का, या प्रश्नाला घाऊक खरेदीचे बळ हे उत्तर ठरून गेले आहे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. दुकानदार पूर्वी करत असे ती कामे ग्राहकाकडे सरकवायची आणि उरलेली कामे कमीत कमी वेळात उरकायची, यांतून इथली किंमत घडते, आणि हे सर्वांत उघडपणे दिसते ते गल्ल्यावर. तिथली घाई, पिशवी भरून देणाऱ्या माणसाचा अभाव आणि लांब रांग हे सेवेतले दोष मानले जातात. वास्तविक ग्राहक कमी किमतीच्या बदल्यात जे देतो, त्याचाच तो हिशेब आहे.

कामे ग्राहकाकडे सरकवण्याची सुरुवात डिस्काउंट दुकानांनी केली नाही. अमेरिकेत मेंफिस येथे १९१६ मध्ये क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले, त्यात ग्राहक स्वतः फळीवरून वस्तू उचलून बाहेर पडण्याच्या वाटेवर पैसे देत असे. तोवर यादी वाचून दाखवायची आणि दुकानातल्या पोराने माल काढून, तोलून, बांधून द्यायचा ही जगभरची रीत होती. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलन याने ‘किंग कलन’ सुरू करून मोठी जागा, रोख व्यवहार आणि कमी नफ्यावर जास्त खप ही जोड दिली. १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन याने ढकलगाडी आणली आणि माल वाहण्याचे कामही ग्राहकाच्या हाती आले. या सगळ्यामुळे दुकानातली माणसे कमी झाली, पण एक जागा तशीच राहिली. आत कितीही वाटा असोत, बाहेर पडण्याची वाट गल्ल्यावरूनच जाते. त्यामुळे स्वयंसेवेच्या दुकानात मजुरीचा खर्च गल्ल्यापाशी येऊन साचतो, आणि पुढची काटकसर तिथेच करावी लागते.

ही काटकसर टोकाला नेली ती आल्ब्रेख्त बंधूंनी. एसेन शहराच्या शोनेबेक या कामगार वस्तीत त्यांच्या आईने १९१३ मध्ये छोटे दुकान काढले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कार्ल (१९२०–२०१४) आणि थिओ (१९२२–२०१०) यांनी ते हाती घेतले. त्या काळी जर्मन कायद्यानुसार रोख खरेदीवर जास्तीत जास्त तीन टक्के सूट देता येत असे, आणि दुकाने ती तिकिटांच्या रूपात देत. ग्राहकाने तिकिटे वहीत चिकटवायची, वही भरली की दुकानात नेऊन पैसे घ्यायचे. आल्ब्रेख्तांनी तिकिटे बंद करून किंमतच कमी लावली. वरवर हा फरक किरकोळ वाटतो, पण तिकिटे मोजणे, देणे आणि परत घेणे हे गल्ल्यावरचे सगळे काम त्यामुळे संपले. १९६० च्या सुमारास भावांनी धंदा उत्तर आणि दक्षिण असा वाटून घेतला. त्याचे कारण गल्ल्याजवळ सिगारेटी ठेवाव्यात की नाही हा वाद होता, सिगारेटींमुळे चोऱ्या वाढतील असे एका भावाला वाटत होते, असे सांगितले जाते. जर्मनीतल्या एका मोठ्या कौटुंबिक धंद्याची फाळणी गल्ल्याशेजारच्या फळीवरून झाली, हे या नोंदीच्या दृष्टीने तरी अर्थपूर्ण आहे. ‘आल्ब्रेख्त डिस्काउंट’ या शब्दांचे आल्डी हे संक्षिप्त रूप १९६२ पासून वापरात आले.

आल्डीच्या गल्ल्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीस-चाळीस हजार प्रकारच्या वस्तू असतात, तर आल्डीत सुरुवातीला काही शेच होत्या आणि आजही त्या साधारण दोन हजारांच्या आत आहेत. लवकर खराब होणारा माल सुरुवातीला ठेवलाच जात नसे, आणि बाकीचा माल खोके कापून त्यातच मांडला जाई. वस्तू थोड्या असल्याने कर्मचाऱ्याला सगळ्या किमती किंवा त्यांचे आकडे पाठ करता येत. प्रत्येक डब्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवण्याचे काम त्यामुळे वाचले आणि गल्ल्यावरची बोटे वस्तूकडे पाहता पाहताच आकडे दाबू लागली. बारकोड १९७४ मध्ये ओहायो राज्यातील ट्रॉय येथे पहिल्यांदा दुकानात वाचला गेला, तरी जर्मनीतल्या आल्डीने तो सन २००० च्या आसपासपर्यंत स्वीकारला नाही. हा जुनाटपणा मुळीच नव्हता. पाठांतर केलेला माणूस यंत्रापेक्षा वेगाने काम करत होता आणि म्हणून स्वस्त पडत होता. बारकोड आला तेव्हा स्वतःच्या छापाच्या मालावर तो मोठा करून पाकिटाच्या अनेक बाजूंना छापला गेला, म्हणजे वस्तू फिरवून पाहण्यात जाणारा क्षणही वाचला. दुसऱ्याच्या ब्रँडच्या पाकिटावर असे करता येत नाही. स्वतःचा छाप हा नुसता खरेदीतला डावपेच नसून गल्ल्यावरचेही हत्यार आहे, ते असे.

उरलेले काम ग्राहकाचे. पट्टा लांब ठेवलेला असतो, म्हणजे पुढच्याचे बिल होत असताना मागच्याने आपला माल मांडून ठेवावा. स्कॅन झालेली वस्तू ठेवायला गल्ल्यापलीकडे फारशी जागा नसते. ती सरळ गाडीत टाकायची आणि भिंतीलगतच्या फळीवर जाऊन सावकाश पिशवीत भरायची. पिशवी घरून आणायची किंवा विकत घ्यायची. गाडीच्या कुलपात नाणे अडकवावे लागते, त्यामुळे ती जागेवर नेऊन लावण्यासाठी नोकर ठेवावा लागत नाही. कर्मचारी मात्र बसलेला असतो, कारण बसून काम वेगाने आणि जास्त वेळ होते. कार्ड वाचणे आणि त्याचे शुल्क या दोन्हींचा खर्च नको म्हणून जर्मनीतल्या आल्डीने क्रेडिट कार्डही २०१५ पर्यंत घेतले नाही. यांतली एकही गोष्ट ग्राहकाला खूश करण्यासाठी केलेली नाही, आणि एकही विनाकारण नाही.

यावर पहिला आक्षेप असा की गल्ल्यावरच्या सेकंदांनी फार तर पैशा-दोन पैशांचा फरक पडेल, खरी बचत पुरवठादाराशी केलेल्या घासाघिशीत आहे. घासाघीस महत्त्वाची आहेच. एकाच प्रकारचा टोमॅटो सॉस प्रचंड प्रमाणात उचलणारा खरेदीदार भाव पाडून घेतो, आणि निर्मात्यांनी किरकोळ किंमत बांधून देण्याची पद्धत जर्मनीत १९७४ पर्यंत असल्याने स्वतःच्या छापाखेरीज स्वस्त विकण्याचा मार्गही अरुंद होता. पण केवळ खरेदीच्या बळावर जिंकता आले असते तर वॉलमार्ट जर्मनीत हरली नसती. जगातली ही सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती कंपनी १९९७ मध्ये तिथे उतरली आणि २००६ मध्ये आपली दुकाने मेट्रो या कंपनीला विकून बाहेर पडली. जर्मनीत तिचा विस्तार मर्यादित होता आणि तिथल्या कामगार व स्पर्धा कायद्यांशीही तिचे जुळले नाही, हे खरे. तरीही दारात स्वागत करणारा माणूस आणि हसून पिशवी भरून देणारा नोकर ही तिची अमेरिकी रीत तिथल्या ग्राहकाला नकोशी वाटली, याची नोंद त्या अपयशाचे विश्लेषण करणाऱ्या बहुतेकांनी केली आहे. आपली पिशवी आपण भरायची आणि त्याचे पैसे वाचवायचे, हा सौदा त्या ग्राहकाने आधीच पक्का केला होता.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ग्राहकाचे श्रम आणि वेळ फुकट नसतात, आणि ते सर्वांना सारखेही पडत नाहीत. म्हातारी माणसे, हात थरथरणारी माणसे, कडेवर मूल असलेली आई यांना त्या पट्ट्याचा वेग झेपत नाही. मागच्या रांगेचा दाब त्यांच्यावर येतो, आणि स्वस्त माल सर्वांत गरजेचा असतो तोही बहुधा त्यांनाच. नेदरलँड्समधील युम्बो या साखळीने २०१९ मध्ये गप्पा मारत सावकाश बिल करायचा वेगळा गल्ला सुरू केला तो याच अडचणीतून. युम्बो डिस्काउंट दुकान नाही, हे इथे लक्षात घ्यावे. सावकाशपणा विकत घ्यावा लागतो, आणि तो परवडणारे दुकान वेगळ्या किमतीला माल विकते. आक्षेप त्यामुळे खोटा ठरत नाही. वेगाच्या अटीचा भार दुबळ्यांवर अधिक पडतो हे मान्यच केले पाहिजे. पण घाई ही किमतीची अट आहे हा मुद्दा त्याने आणखी पक्का होतो.

तिसरा आक्षेप कामगारांच्या बाजूने येतो. लिडलने आपल्या जर्मन दुकानांतल्या कर्मचाऱ्यांवर छुपे कॅमेरे लावून पाळत ठेवल्याचे २००८ मध्ये ‘श्टेर्न’ या साप्ताहिकाने उघड केले आणि कंपनीला दंड झाला. मोजक्या माणसांकडून जास्तीत जास्त काम घेणारी पद्धत पाळतीकडे सहज घसरते. मात्र मोजके कर्मचारी म्हणजे कमी पगाराचे कर्मचारी असे समीकरण मांडता येत नाही. एका तासात दुप्पट ग्राहक पार करणाऱ्या माणसाला चांगला पगार देऊनही दुकानाला परवडते. शिवाय बसायला खुर्ची देण्यात आल्डीने दाखवलेला व्यवहारीपणा आपल्याकडे कायद्याने आणावा लागला. दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दिला.

इथेच चौथा आक्षेप उभा राहतो : भारतात माणसाचे श्रम स्वस्त, मग हे तर्कशास्त्र इथे लागू कसे होणार? लागू होते, फक्त नाणे बदलते. आपला वाणी उधारी देतो, वहीत मांडतो, यादी पाठवली की महिन्याचे सामान घरपोच करतो. या सगळ्याचा खर्च त्याच्या भावात असतो. तो खर्च कापण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात जुने आहेत. मुंबईच्या गिरणगावात १९४८ मध्ये सुरू झालेल्या अपना बाजार या सहकारी संस्थेने मध्यस्थाचा नफा कमी केला. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर गल्लाच काढून टाकला. सभासद कुटुंबांनी गट करून मागणी नोंदवायची, एकत्र आलेला माल कुणाच्या तरी घरी उतरवून आपणच वाटून घ्यायचा. ग्राहकाच्या श्रमातून स्वस्ताई तयार होते याचे याहून शुद्ध उदाहरण सापडणे कठीण. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट उघडले तेव्हा सहकाराचा भाग गळाला, काटकसर राहिली. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून मिळवलेला भाव, दिखाऊ सजावट नाही, आणि घरपोच सेवा अनेक वर्षे नाही.

अशा दुकानात ग्राहक आपला वाटा चुकता करतो तो बहुतांशी वेळेच्या रूपात. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओसंडणाऱ्या ट्रॉल्या घेऊन उभी राहिलेली कुटुंबे, एकाने रांग धरायची आणि दुसऱ्याने राहिलेली तूरडाळ आणायला धावायचे ही कामाची वाटणी, दाराशी बिल दाखवण्याची अट, घरून आणलेल्या पिशव्या : जर्मनीत ग्राहक चपळाईने देतो ते इथे तो थांबून देतो. गर्दीच्या त्या दोन-तीन दिवसांसाठी जादा गल्ले आणि माणसे महिनाभर पोसायची नाहीत, हा दुकानाचा हिशेब असतो. मोबदलाही गल्ल्यावरच दिसतो. भारतात पाकिटबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे असल्याने बिलाच्या तळाशी त्या किमतीच्या तुलनेत किती रुपये वाचले ते छापून मिळते. हा आकडा मात्र जपून वाचावा. कमाल किंमत निर्माता ठरवतो आणि कोपऱ्यावरचा वाणीही कित्येक वस्तू तिच्याखाली विकतो. त्यामुळे छापलेली बचत आणि खरी बचत एकच असेल असे नाही. पिशव्यांतून मिळणारी बचत तर महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर सगळ्याच दुकानांना आयती लाभली.

अलीकडे ग्राहकाकडे सरकवण्यासारखे एकच काम उरले होते, ते म्हणजे बारकोड वाचण्याचे. युरोपातली डिस्काउंट दुकाने आता सेल्फ-चेकआउट यंत्रे लावून तेही सरकवत आहेत. आल्डीने २०२२ मध्ये लंडनच्या ग्रिनिच भागात गल्लाच नसलेले दुकान चालवून पाहिले. या टप्प्यावर सौद्याची परीक्षा वेगळ्या रीतीने करावी लागते. पिशवी भरण्याचे श्रम ग्राहकाने घेतले तेव्हा किंमत उतरली होती. स्कॅनिंगचे श्रम घेतल्यावर ती उतरत नसेल, तर तो सौदा एकतर्फी आहे आणि त्याला स्वस्ताई म्हणू नये. भारतात दबाव उलट दिशेने आला आहे. काही मिनिटांत सामान दारात आणणाऱ्या ॲपनी रांगेत न थांबण्याची किंमत लावली आहे आणि महानगरांत ती मोजणारे ग्राहक पुष्कळ निघाले. मोठ्या शहरांतल्या आपल्या जास्त विक्रीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम जाणवतो आहे, असे डी-मार्टच्या व्यवस्थापनाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीरपणे मान्य केले. तरीही मार्च २०२५ अखेर डी-मार्टच्या दुकानांची संख्या ४१५ वर गेली होती.