पाठमोरे बाळ

प्रवासात लहान मुलाने बसावे कुठे, हा प्रश्न आपल्याकडे कुणी फारसा विचारीत नाही. त्याचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे : आईच्या मांडीवर. आमच्या पोंभुर्ण्याच्या बाजूला बंडीत किंवा रेंगीत धानाचे तणस पसरायचे, त्यावर सतरंजी टाकायची आणि बाळंतिणीने बाळाला मांडीवर घेऊन बसायचे, ही माहेराहून सासरी परतण्याची रीत होती. बैलांची चाल तासाला चार-पाच किलोमीटरांची. चाक दगडावर चढले तरी मांडीला धक्का बसे तो तणसात जिरून. त्या वाहनाला ती जागा अगदी योग्य होती.

पुढे एस. टी. आली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली आणि पाहता पाहता ती खेड्यापाड्यांत पोचली. वालचंद हिराचंदांनी काढलेल्या कारखान्यातून कुर्ल्याला फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली. वाहन बदलले, वेग दहा-पंधरा पट वाढला. पण बाळाची जागा मात्र तीच राहिली. फियाटच्या पुढच्या लांबलचक बाकावर, यजमानांच्या शेजारी, मांडीवर बाळ घेतलेली आई हे दृश्य तर श्रीमंतीचे आणि सुखाचे लक्षण मानले जाई. आजही चंद्रपूरच्या किंवा नागपूरच्या दवाखान्यातून नवे बाळ घरी येते ते असेच. कुणी काही सुचवलेच तर उत्तर तयार असते : "मांडीवर आहे ना माझ्या, मग काहून काळजी करता?"

ह्या उत्तरातली माया खरी आहे. पण तिचा हिशेब चुकतो. तो कसा चुकतो हे कळायला जगालाही पुष्कळ वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत आहे.

मोटारीतील मुलांच्या पहिल्या खुर्च्या निघाल्या त्या अमेरिकेत, १९३० च्या पुढच्या काळात. त्यांचा हेतू रक्षणाचा नव्हताच. मूल उंचावर बसावे, त्याला खिडकीबाहेरचे दिसावे, आणि त्याने मागच्या बाकावर धुडगूस घालू नये, एवढ्यासाठी त्या होत्या. लोखंडी आकड्याने बाकाच्या पाठीला अडकवायची एक पिशवी म्हणा ना. गाडी आदळली तर मुलाचे काय होईल, हा विचार त्या कारागिरांच्या मनाला शिवला नव्हता.

तो विचार आला विमानांच्या बाजूने. ह्यू डीहेवन हा गृहस्थ १९१७ साली वैमानिकाचे शिक्षण घेत असताना दोन विमानांच्या टकरीतून वाचला. आपण वाचलो कसे, ह्या कुतूहलाने त्याला पुढे आयुष्यभर पछाडले. उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास करून १९४२ साली त्याने तो प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे साधे होते. काचेचे सामान पाठवताना आपण ते पेटीत नीट बसवतो, मोकळे हलू देत नाही; मग माणसालाच गाडीत मोकळे का टाकतो? नागपूरची संत्री पेटीत भरताना खाली-वर गवत का घालतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला डीहेवनचे शास्त्र वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरा माणूस कर्नल जॉन स्टॅप. हा अमेरिकन हवाई दलातला डॉक्टर. रुळांवर धावणाऱ्या अग्निबाणाच्या घसरगाडीला स्वतःला बांधून घेऊन, ती एकाएकी थांबवली तर शरीर किती सोसते, ह्याचे प्रयोग त्याने स्वतःवर केले. १९४७ सालच्या पहिल्या फेऱ्यांत तो मागे तोंड करून बसला होता. १० डिसेंबर १९५४ रोजी, ह्या वेळी पुढे तोंड करून, त्याने ताशी हजार किलोमीटरांहून अधिक वेग गाठला आणि गाडी १.४ सेकंदांत थांबली. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण माणूस वाचला. पाठमोरा बसलेला माणूस धक्का अधिक सोसतो, कारण तो धक्का पट्ट्याच्या दोन बोटांवर न येता सबंध पाठीवर पसरतो, ही गोष्ट अशा प्रयोगांतून पक्की झाली.

आता प्रश्न असा की, हे सगळे मोठ्या माणसांबद्दल झाले, बाळाचे काय? बाळ म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. जन्मलेल्या मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते; आपले असते सातवा-आठवा हिस्सा. एवढे जड डोके ज्या मानेवर तोललेले असते, तिचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात. त्यांत कूर्चेचा भाग असतो आणि सांधे ढिले असतात. मूल पुढे तोंड करून बसलेले असले आणि गाडी समोरून आदळली, तर पट्टा धडाला धरून ठेवतो, पण डोके पुढे झेपावते. सगळा ताण येतो मानेवर. उलट तेच मूल पाठमोरे असेल, तर डोके, मान आणि पाठ एकदमच आसनाच्या पाठीत दाबली जातात आणि मानेला झटका बसत नाही.

हे ओळखून त्यावर उपाय केला तो स्वीडनमधल्या बेर्टिल आल्डमन ह्या डॉक्टरांनी. अमेरिकेचे जेमिनी अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून, शरीराच्या आकाराच्या आसनात बसत. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. १९६४ साली व्होल्वो मोटारीत त्यांच्या पाठमोऱ्या बालासनाची चाचणी झाली. ह्याच कंपनीतल्या निल्स बोलीन ह्या अभियंत्याचा तीन टोकांचा पट्टा १९५९ पासून गाड्यांत बसू लागला होता. १९७२ साली व्होल्वोने पाठमोरे आसन विकायला काढले. स्वीडनमध्ये मूल चार वर्षांचे होईतो पाठमोरे बसवण्याची रीतच पडून गेली.

कायद्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि आपल्याला अधिक ओळखीची वाटेल अशी आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स ह्या बालरोगतज्ज्ञाने खटपट करून मुलांच्या आसनाचा कायदा करून घेतला. तो १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. पण विधिमंडळाने त्यात एक पळवाट ठेवली : मूल वडीलधाऱ्यांच्या कडेवर असेल तर चालेल! म्हणजे पुन्हा मांडीच. ती पळवाट काढून टाकायला १९८१ साल उजाडले. १९८५ पर्यंत अमेरिकेतल्या सर्व राज्यांनी असे कायदे केले. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था आधी एक वर्षापर्यंत पाठमोरे बसवा असे सांगे; २०११ साली तिने दोन वर्षांपर्यंत म्हटले, आणि २०१८ पासून तर आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत, असे सांगितले आहे. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने १९४ ब हे कलम घातले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालासनाने सुरक्षित न करता गाडी चालवली, तर एक हजार रुपये दंड. कायदा आहे, पण लोकांना तो माहीत आहे असे म्हणवत नाही.

आता तो हिशेब. ताशी पन्नास किलोमीटर वेगाची गाडी झाडावर आदळली आणि पुढचा भाग चेपत अर्ध्या मीटरात थांबली असे धरा. त्या क्षणी दहा किलोच्या मुलाला धरून ठेवायला जे बळ लागेल ते सुमारे दोनशे किलो वजन पेलण्याएवढे. म्हणजे दोन क्विंटल धान! कोणत्या माउलीचे हात हे पेलतील? तिने स्वतः पट्टा बांधलेला नसेल, तर तिचे वजनही मागून मुलावरच येते. आमच्या भागात तर समोरून वाहनच यायला हवे असेही नाही. रात्री जंगलातल्या रस्त्यावर रोही किंवा रानडुक्कर आडवे येते आणि करकचून ब्रेक लावावा लागतो.

आसन घ्यायचे तर कोणते? दुकानात 'कन्व्हर्टिबल' नावाचे मिळते. ते आधी पाठमोरे आणि मूल मोठे झाल्यावर पुढे तोंड करून लावता येते. पाच-सहा गोष्टी पाहाव्यात. त्यावर भारतीय ए. आय. एस. ०७२ किंवा युरोपीय आर ४४, आर १२९ ह्यांपैकी मानकाची खूण हवी. पाठमोरे किती किलोपर्यंत चालते तो आकडा जितका मोठा तितके बरे. आपल्या गाडीत ते लावून पाहावे. कारण पाठमोऱ्या आसनाला पट्टा लांब लागतो आणि लहान गाड्यांत तो कधी कधी पुरत नाही. मामेभावाच्या मुलाचे जुने आसन प्रेमाने दिले जाते. पण ते अपघातातून गेलेले नाही ना, आणि त्यावर छापलेली मुदत संपली नाही ना, हे विचारायला संकोच करू नये.

लावताना पहिला नियम असा : पुढच्या आसनासमोर हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग असेल, तर तिथे पाठमोरे आसन कधीही लावू नये. ती पिशवी फुटली की आसनाच्या पाठीवरच आदळते. जागा मागची. पट्टा कोणत्या खाचेतून न्यायचा ते आसनावर दाखवलेले असते. पुष्कळ आसनांवर पाठमोऱ्यासाठी निळी आणि पुढे तोंडासाठी लाल खूण असते. पट्टा घातल्यावर आसन गुडघ्याने दाबून पट्टा ओढावा. मग पट्टा जातो तिथे धरून हलवून पाहावे. अडीच सेंटीमीटरांपेक्षा जास्त हलता कामा नये. नव्या पुष्कळ गाड्यांत आयसोफिक्सचे लोखंडी कोयंडे असतात; आसनाला तशी सोय असेल तर काम सोपे होते. आसनाचा कल सूचनेप्रमाणे हवा. फार उभे झाले तर तान्ह्याचे डोके पुढे पडते आणि श्वास कोंडतो. पाठमोरे असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत, आणि खांद्याजवळ चिमटीत धरता येणार नाहीत इतके घट्ट असावेत. थंडीत दुलईसकट मूल बांधू नये. आधी बांधावे, मग वरून पांघरूण घालावे. आणि चंद्रपुरात पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीतल्या बकलाला आपला हात लावून पाहिल्याशिवाय मूल बसवू नये.

घरातून तीन आक्षेप हमखास येतात. मूल रडते, पाय दुमडतात, त्याला आपला चेहरा दिसत नाही. मूल पहिल्या दिवसापासून बसले तर त्याला तीच आपली जागा वाटते. पाय दुमडणे मुलांना अवघड वाटत नाही. ती घरीही मांडी घालूनच बसतात. चेहरा दिसावा म्हणून आईने मागे शेजारी बसावे, मात्र पट्टा लावून.

राहता राहिला सर्वांत अवघड प्रश्न. आमच्या तालुक्यात मोटार किती घरांत? बहुतेक मुले मोटारसायकलवर आई-बापांच्या मध्ये बसून, नाही तर काळी-पिवळीत दाटीवाटीने जातात. त्यांना हे आसन सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पक्वान्नांची यादी वाचून दाखवण्यासारखे आहे, असे कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण दुचाकीसाठीही नियम आहे. चार वर्षांखालील मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला शिरस्त्राण आणि चाळीसच्या आत वेग, हा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर झाला आणि वर्षभराने लागू झाला. वेग कमी ठेवायला तर पैसे पडत नाहीत. आणि वेग निम्मा झाला की धक्क्याचा जोर चौथाईवर येतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी गाडीच्या शोभेच्या सामानाआधी हे आसन घ्यावे. शेजाऱ्याची सून बाळंत होऊन दवाखान्यातून यायची असेल, तर दोन दिवसांपुरते ते तिला द्यावे, आणि जाऊन नीट लावूनही द्यावे.

मांडी वाईट असे कुणीच म्हणत नाही. बाळाला घरी पोचल्यावर मांडीवर हवे तेवढे घ्यावे. तिथवर ते सुखरूप पोचावे, एवढ्यासाठी वाटेत त्याला जरा पाठमोरे बसवायचे.