ज्याच्या हाती होते, त्याला कळले नव्हते

इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास बहुधा १९४७ च्या ट्रान्झिस्टरपासून सांगितला जातो. मित्रहो, मी तो एका काजळलेल्या दिव्यापासून सांगणार आहे.

१८८० च्या सुमारास एडिसनच्या दिव्यांची काच आतून काळी पडत असे. कारण शोधण्यासाठी दिव्यात धातूची एक जादा पट्टी बसवण्यात आली. तापलेली तार आणि ही पट्टी यांचा कुठेही स्पर्श नव्हता; तरी मधल्या पोकळीतून वीज वाहिली, आणि तीही पट्टी धन टोकाला जोडली असतानाच! एडिसनने १८८३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि विषय तिथेच सोडला. इलेक्ट्रॉनचा शोधच मुळी १८९७ चा; त्याला दोष तरी कसा द्यावा?

लंडनमध्ये एडिसनच्या कंपनीचा सल्लागार राहिलेला जॉन अँब्रोज फ्लेमिंग पुढे मार्कोनीचा सल्लागार झाला. बिनतारी संदेशाची क्षीण लहर टिपायची कशी, या विवंचनेत त्याला तो जुना दिवा आठवला. १९०४ मधली त्याची नळी वीज एकाच दिशेने जाऊ देई, म्हणून ती ‘व्हॉल्व्ह’, म्हणजे झडप. (आजोबांच्या ‘व्हॉल्व्हच्या रेडिओ’तला शब्द तो हाच.)

१९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तार आणि पट्टी यांच्यामध्ये तिसरा घटक घातला. लवकरच त्याला जाळीचे रूप आले. जाळीवरील किंचित विद्युतदाब मोठ्या प्रवाहाला नाचवू शकत होता. मात्र नळीत उरलेल्या वायूमुळेच ती चालते, असा खुद्द निर्मात्याचा समज होता. वस्तुतः वायू हाच तिचा दोष होता. इतरांनी ती पुरती निर्वात केली, तेव्हा १९१५ मध्ये न्यूयॉर्कचा आवाज सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोहोचला.

नळीचे खरे वर्तन मोजून मांडले ते एडविन आर्मस्ट्राँगने. कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी असतानाच, १९१२ मध्ये, बाहेर पडणारा संकेत पुन्हा जाळीकडे वळवून त्याने तो कित्येक पटींनी वाढवला होता. याच युक्तीवर डी फॉरेस्टनेही हक्क सांगितला. खटला वर्षानुवर्षे चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने कौल दिला. अभियंत्यांना तो पटला नाही, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते.

या शोधासाठी रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने आर्मस्ट्राँगला पूर्वी पदक दिले होते. निकालानंतर तो ते परत करायला गेला. संस्थेने ते घेतले नाही.