पत्ता कच्चा की पक्का?

क्रिकेटपटूंचे छापील पत्ते जमवणाऱ्या मुलांशी बोलायला गेलं, की निम्मे शब्द डोक्यावरून जातात. रूकी, मिंट, इन्सर्ट, स्लॅब. आमच्या उपनगरांत स्लॅब म्हणजे पावसाळ्यात गळतो तो. या मुलांचा स्लॅब म्हणजे पत्ता ज्यात कायमचा बंद करतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची डबी. मी शब्दांत रमणारा माणूस. म्हटलं, हे शब्द आले कुठून ते पाहू या.

मुळाशी निघाला तंबाखू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटी मऊ कागदी पाकिटात मिळत. त्या मोडू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवलेला असे. तो कोरा का ठेवा, असं कंपन्यांना वाटलं आणि त्यावर चित्रं आली. अमेरिकेत ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ साली खेळाडू छापले, इंग्लंडमध्ये विल्सने १८९६ साली पन्नास क्रिकेटपटूंचा संच काढला. त्याच वर्षी आपले रणजितसिंहजी मँचेस्टरला पहिली कसोटी खेळले, ६२ आणि नाबाद १५४. पुढे त्यांचीही छबी सिगारेटच्या पाकिटातून इंग्रज पोरांच्या खिशात पोचली. आणि हे विल्स नाव आपल्याला नवं नाहीच. १९९६ चा विश्वचषक 'विल्स वर्ल्ड कप' होता. वानखेडेवर पहिल्यांदा प्रकाशझोतात सामना झाला, सचिन ९० वर बाद झाला आणि आपण ऑस्ट्रेलियाकडून १६ धावांनी हरलो, तो हाच. शंभर वर्षांनीही खेळाडू आणि सिगारेट यांची सोबत सुटली नव्हती.

जमवणाऱ्यांच्या बोलीतही हा धूर राहिला आहे. बेसबॉलच्या सर्वांत प्रसिद्ध संचाला 'टी २०६' म्हणतात. त्यातला 'टी' म्हणजे टोबॅको. जेफरसन बर्डिक नावाच्या संग्राहकाने सूची करताना दिलेलं ते अक्षर. पुढे तंबाखूची जागा बबलगमने घेतली. गम आणि पत्ते मेणकागदात गुंडाळलेले असत, म्हणून पुडक्याला 'वॅक्स पॅक' म्हणू लागले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेत पत्ते इतके भरमसाट छापले गेले, की त्या काळाला आज 'जंक वॅक्स' म्हणतात, म्हणजे मेणकागदातली रद्दी.

आपल्याकडे ही बोली फार वेगळी होती. अंधेरी-घाटकोपरच्या चाळींत माझ्या वयाची मुलं सिगारेटची रिकामी पाकिटं आणि काडेपेटीचे छाप जमवायची. मग 'बिग फन' बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं आली, त्यावर धावा छापलेल्या. नव्वदीत कुस्तीगिरांची ट्रम्प कार्ड्स आली आणि अंडरटेकरची उंची पाढ्यांपेक्षा चोख पाठ झाली. 'ट्रम्प' हा शब्द 'ट्रायम्फ'वरून आला, म्हणजे विजय. आपला 'हुकूम' अरबीतून आला, म्हणजे आज्ञा. तिकडचा पत्ता जिंकतो, आपला फर्मावतो. एकच पत्ता दोनदा आला की तो 'डबल', आणि डबल असेल तो द्यायचा, हा गल्लीचा कायदा. बाजारभाव असा नव्हताच, गरज होती.

आता शब्द बाजारातून येतात. मुलांच्या पुड्यातले साधे पत्ते ते 'बेस', आणि त्यात क्वचित सापडणारा चमकदार तो 'इन्सर्ट'. आयपीएलच्या काळात टॉप्स कंपनीच्या 'क्रिकेट अटॅक्स'ने हा फरक शाळकरी मुलांना शिकवला. 'रूकी' म्हणजे नवखा. खेळाडूच्या पहिल्या हंगामातला पत्ता सर्वांत मोलाचा. बेसबॉलमध्ये हे सोपं आहे. पण आमच्या बोरिवलीत वाढलेल्या रोहित शर्माचा रूकी पत्ता कोणता धरायचा? २००६ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा? २००७ मध्ये बेलफास्टला पहिला एकदिवसीय सामना खेळला तेव्हाचा? २००८ च्या डेक्कन चार्जर्सचा? की २०१३ चा, जेव्हा पहिल्याच कसोटीत १७७ केल्या? क्रिकेटपटू तीन-चारदा नवखा होतो. परका शब्द जसाच्या तसा उचलला की तो असा कुठेतरी अडकतो.

'मिंट'चं तसं नाही. मिंट म्हणजे टाकसाळ. हा शब्द नाणी जमवणाऱ्यांचा. टाकसाळीतून नुकतंच निघालेलं, हात न लागलेलं नाणं. उर्दूत अस्सल, पारखलेल्या भाषेला 'टकसाली' म्हणतात. गंमत पाहा, भाषा टकसाली ठरते ती हजार तोंडांत फिरून, आणि पत्ता मिंट ठरतो तो कुणाच्याच हातात न फिरल्याने. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाईचा मध्य तपासून एक ते दहा गुण देतात. त्याला ग्रेड म्हणायचं. मिकी मँटल या बेसबॉलपटूचा १९५२ चा टॉप्सचा पत्ता ऑगस्ट २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरना गेला, म्हणजे त्या वेळचे सुमारे शंभर कोटी रुपये. ग्रेड साडेनऊ. त्याच संचाचे न खपलेले खोके १९६० साली आपण समुद्रात बुडवले, असं टॉप्सचे साय बर्जर सांगत. गोदामात जागा नव्हती म्हणून!

हे ऐकलेला शेजारचा दहा वर्षांचा मुलगा परवा पत्त्यांना बोट लावू देईना. 'काका, ग्रेड जाईल.' त्याच्या खिशात मात्र रबरबँडने बांधलेला दुसरा गठ्ठा होता, कोपरे गोल झालेला. तो खेळायचा. अशा डबीबाहेरच्या, गुण न मिळालेल्या पत्त्याला जमवणारे 'रॉ' म्हणतात. कच्चा. आमच्या गल्लीत सर्वांत लहान मुलाला कच्चं लिंबू म्हणत. तो सगळ्या डावांत असायचा, आणि त्याला कुणी बाद करत नसे.